सही करण्याआधी: टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला उत्तर

सप्रेम सलाम.

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तू चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चेकिंगचा सुपरवायझर आहेस. ऑर्डर ४५० जीएसएमची (म्हणजे कापडाच्या दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन), माल भरतो ४०० च्या आसपास, आणि तपासणीच्या कागदावर ४५० लिहून सही करायला तुला सांगतात. मॅनेजर म्हणतात, ‘वरून आलंय, तू फक्त सही कर.’ डोक्यावर घराचं कर्ज आहे, मूल लहान आहे. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, उद्याच्या उद्या राजीनामा दे. दुसरे म्हणाले, धंद्यात एवढं चालायचंच, तू रविवारी उपासनेला येत राहा म्हणजे झालं. शिवाय खंडेनवमीला मशिनच्या पूजेत उभं राहावं का, आणि हाताखालच्या लोकांना येशूबद्दल सांगावं का, हेही तू विचारलं आहेस.

मी सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यातच आयुष्य काढलं. आधी लूमवर जॉबर (माग जुळवून चालता ठेवणारा), मग तपासणी, शेवटी कारखान्याचा व्यवस्थापक. त्यामुळे तुझ्या टेबलाची मला चांगली ओळख आहे. आणि वरचे दोन्ही सल्ले मला पटत नाहीत.

‘तू फक्त सही कर’ या वाक्यापासून सुरुवात करू, कारण तुझी सगळी तगमग तिथेच आहे. मॅनेजर म्हणतात मालकांनी सांगितलं, मालक म्हणतील बायरने भाव पाडला, बायर म्हणेल बाजारच तसा आहे. ही साखळी कितीही लांब असली तरी कागदावर नाव तुझं राहतं. बायबलमधल्या मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातला पिलात आठव, येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार. समोरच्या माणसात त्याला दोष दिसत नाही. बायको निरोप पाठवते की त्या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका. तरी गर्दी ओरडते म्हणून तो हुकूम देतो आणि सगळ्यांसमोर पाणी मागवून हात धुतो. आपण उपासनेत विश्वासांगीकार (श्रद्धेचा कबुलीजबाब) म्हणतो तेव्हा त्या गर्दीतल्या एकाचंही नाव घेत नाही, पिलाताचं मात्र घेतो. दबाव खरा होता, हे शुभवर्तमान लपवत नाही. पण दबाव होता म्हणून हुकूम दुसऱ्या कोणाचा झाला नाही.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि तुझ्यासारख्या प्रामाणिक मुलांना तीच ऐकवावी लागते: संपूर्ण कारखान्याचा भार तुझ्यावर नाही. मालकाने कोणत्या भावाने ऑर्डर घेतली, सुताच्या व्यापाऱ्याने काय पाठवलं, बँकेला काय सांगितलं, याचा जाब देव तुझ्याकडे मागणार नाही. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच वचनांनी पुढे म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. तुझा भार म्हणजे तू तोललेला माल, तू लिहिलेला आकडा आणि तू केलेली सही. तेवढा उचललास तरी पुष्कळ आहे.

राजीनाम्याचा सल्ला का पटत नाही ते सांगतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? त्या काळात जकातदारीइतकं बदनाम काम दुसरं नसेल. योहान त्यांना जकातनाकं सोडा असं सांगत नाही. नेमून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. मग शिपाई विचारतात. त्यांनाही तो म्हणतो, धाकदपटशाने कोणाचं लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा. ज्या खुर्चीतून पाप होऊ शकतं, त्याच खुर्चीत बसून ते करायचं नाही, असा त्याचा आग्रह आहे. चेकिंगच्या टेबलावरून प्रत्येक सरळ माणूस उठून गेला तर त्या टेबलावर कोण बसेल, याचाही विचार व्हायला हवा.

आणि ‘रविवारी ये म्हणजे झालं’ म्हणणाऱ्या काकांनी आमोसाचा आठवा अध्याय शांतपणे वाचावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. तिथले व्यापारी शब्बाथ पाळतात, दुकान बंद ठेवतात. मनात मात्र चाललेलं असतं की हा दिवस एकदा संपू दे, म्हणजे माप लहान आणि वजन मोठं करून धान्य विकता येईल. संदेष्टा त्यांच्यावर तुटून पडतो. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरा तराजू आणि खरी वजनं ठेवण्याची आज्ञा आहे, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची प्रसिद्ध आज्ञाही त्याच अध्यायात आहे.

आता टेबलावर येऊ. रागाच्या भरात मालकांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी स्वतःची खात्री कर, कारण जीएसएमचा आकडा अनेक प्रकारे फसवतो. गोल कटरने पाईलचा (टॉवेलवरच्या उभ्या फाशांचा) तुकडा कापून काढलेला आकडा आणि अख्ख्या टॉवेलचं वजन भागिले क्षेत्रफळ हा आकडा जुळत नाही, कारण बॉर्डरला पाईल नसते. ऑर्डरमध्ये कुठला आकडा धरलाय ते वाच. धुण्याआधीचा की धुतल्यानंतरचा, तेही वाच. धुतल्यावर कापड आटतं आणि जीएसएम वर जातो. साधारण पाच टक्क्यांची कमी-जास्त सूट बऱ्याच करारांत असते, म्हणजे ४५० च्या ऑर्डरला ४२७-२८ पर्यंत माल अशा कराराने पास आहे. मग हवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सूत इतकं वाळतं की लूमवर तारा तुटायला लागतात. कापसाचा मान्य ओलावा ८.५ टक्के धरतात. तो ५ टक्क्यांवर उतरला तर वजन तीन टक्क्यांच्या आसपास कमी भरतं, आणि त्यात कोणाचीच लबाडी नसते. उलट माल मुद्दाम दमट ठेवून तोलला तर तीच लबाडी दुसऱ्या बाजूने होते.

पण ४५० चे ४०० होणं म्हणजे अकरा टक्के. एवढा फरक हवेने पडत नाही. ७० बाय १४० सेंटीमीटरचा टॉवेल ४५० जीएसएमला ४४१ ग्रॅम भरायला हवा, ४०० ला तो ३९२ भरतो. एका टॉवेलमागे ४९ ग्रॅम. पाच हजारांच्या लॉटला हे जवळजवळ अडीचशे किलो सूत होतं. ज्याने त्या सुताचे पैसे दिले, त्याला ते दिलं नाही. त्याला चोरी म्हणायला मी कचरत नाही. तू दहा टॉवेल वेगवेगळ्या गाठींतून काढ, रात्रभर खोलीत मोकळे पसरून ठेव, सकाळी तोल, तारीख घालून लिही आणि खाली सही कर. ती सही करताना तुझा हात थरथरणार नाही.

हा कागद घेऊन मालकांकडे एकटा जा. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याची चूक त्याला एकांतात दाखव, असं येशू मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगतो. तिथे गोष्ट मंडळीतल्या भावाची आहे, पण मालकाच्या केबिनमध्येही मी हीच रीत चालवली आणि ती कामाला आली. चारचौघांत, बायरच्या माणसासमोर, व्हॉट्सअपच्या ग्रुपवर अजिबात नको. तिथे वचनं म्हणू नकोस. ‘मी ख्रिस्ती आहे म्हणून खोटं लिहिणार नाही’ असं वाक्य ऐकलं की समोरच्याला वाटतं, हा आपल्याला पापी म्हणतोय, आणि मग वजनावरची चर्चा धर्मावर घसरते. आकडे दाखव, आणि सोबत वाटही दाखव. हा लॉट ४०० चा म्हणून बायरला कळवून दर कमी करून देता येईल का? सेकंडमध्ये काढून देशी बाजारात विकता येईल का? पुढच्या बीमपासून (ताण्याच्या रुळापासून) पाईलची उंची वाढवायची की इंचातले बाणे (आडवे धागे), ते जॉबरशी बोलून ठरवू का? तक्रार आणणाऱ्या माणसाला मालक टाळतो, हिशेब आणणाऱ्याचं बहुतेक वेळा ऐकून घेतो.

कितीदा तरी मालकांना गोष्ट माहीतच नसते, हेही लक्षात ठेव. सूत बारीक आलेलं असतं, वीव्हिंगवाल्यांनी ते बोललेलं नसतं, आणि मॅनेजर आपली मान सोडवायला ‘वरून आलंय’ म्हणतात. एका कारखान्यात असाच हलका लॉट निघाला होता. मालकांनी माझ्यासमोर फोन उचलून बायरला खरं सांगितलं. भाव कापला गेला, माल गेला, ऑर्डरी पुढेही येत राहिल्या. दुसऱ्या एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या तपासनिसाने खोटा आकडा लिहायला नकार दिला. त्याला आधी डिस्पॅचला टाकलं, मग इतकं छळलं की तो स्वतःच निघून गेला. पुढे बराच काळ त्याचं घर ओढाताणीत होतं. खरं वागलं की फायदाच होतो असं व्यासपीठावरून सांगणारे मला आवडत नाहीत. कधी होतो, कधी होत नाही. दानिएलाच्या कारभारात शत्रूंना एक दोष सापडला नाही, तरी तो सिंहांच्या गुहेत गेलाच.

समज, मालकांनी ऐकून घेतलं आणि तरी म्हणाले, ४५० लिही. मग तू प्रत्यक्ष भरलेला आकडा लिहून सही कर, किंवा विनम्रपणे सांग की या कागदावर मला सही करता येणार नाही. दोन्ही चालतं. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी फारोच्या दरबारात भाषण केलं नव्हतं. जन्मलेले मुलगे मारायला सांगितलं होतं, ते त्यांनी फक्त केलं नाही. दुसऱ्या कोणी सही केली तर तो त्याचा भार, त्याच्याशी भांडू नकोस. बायरला गुपचूप फोन करून मालकाचा काटा काढणं मला मान्य नाही, कारण तू त्यांचं मीठ खातोस. पण बायरच्या माणसाने तुलाच समोरासमोर विचारलं, तर तुझं होय ते होय आणि नाही ते नाही. हे मालकांना आधीच सांगून ठेव, म्हणजे कोणाला धक्का नको.

इथे एक अपवाद आहे, आणि तो मी फार गंभीरपणे मांडतो. जीव धोक्यात असेल तर गुपचूप बसायचं नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जण गेले, त्यांत मालक होते, त्यांच्या घरचे होते, कामगार होते. त्या आगीत कोणाचं काय चुकलं यावर मी बोलणार नाही. पण आपल्या कारखान्यांत कापसाचे तंतू उडतात, गाठी दारापर्यंत रचलेल्या असतात, रात्री लोक आत झोपतात, हे आपण सगळे रोज बघतो. मागचं दार कुलूपबंद असताना रजिस्टरमध्ये ‘दार मोकळे’ अशी नोंद करायला सांगितली, तर तिथे मालकाची मर्जी, मीठ, नोकरी यांतलं काहीही आड येऊ देऊ नकोस. आधी मालक, ते ऐकत नसतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. टॉवेल हलका गेला तर पैशाने भरून देता येतो.

आता जरा कटू बोलतो. मालकाच्या खोट्या आकड्याबद्दल तू पानभर लिहिलंस. स्वतःच्या टेबलाबद्दल एक ओळही नाही. तिथे सगळं ठीक असेल तर मला आनंदच आहे. पण विश्वास कामात उतरतो की नाही, हे अशा मोठ्या प्रसंगापेक्षा रोजच्या किरकोळ गोष्टींत जास्त कळतं. सुताचा एजंट दिवाळीला डबा आणतो, तोवर ठीक. डब्याखाली पाकीट असलं तर पुढच्या महिन्यात त्याचं कच्चं सूत पास करताना तुझी नजर तीच राहील का? रंगवाला, पुठ्ठ्याच्या खोक्यांवाला, भंगारवाला, प्रत्येकाकडे तुझ्यासाठी काही ना काही असतं. माझा नियम सोपा होता: जे मालकांच्या टेबलावर उघडून ठेवता येईल ते घ्यायचं, बाकी परत. हजेरीचंही तसंच. आठला पंचिंग करून साडेआठपर्यंत कँटीनमध्ये बसणारा माणूस टॉवेलातले पन्नास ग्रॅम मोजायला कोणत्या तोंडाने जाणार?

याहूनही महत्त्वाची बाजू हाताखालच्यांची. चेकिंगवाल्याच्या पेन्सिलीने गरिबाच्या ताटातली भाकरी कमी होते, आणि सोलापूरला हे वेगळं सांगायला नको. विडी वळणाऱ्या आपल्या बायकांना विचार. पानं भिजवून, कापून, दिवसभर मान मोडून हजार विड्या वळायच्या, आणि कारखान्यात चेकरने मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढायच्या. छाटीचे पैसे कापायचे आणि विड्याही परत द्यायच्या नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे. तपासणीच्या जागेवर बसलेल्या माणसाच्या हातात केवढी सत्ता असते, ते त्या बायकांना पक्कं ठाऊक आहे.

तुझ्याकडेही ती सत्ता आहे. टॉवेलवर तेलाचा डाग दिसला की विणकराच्या नावावर दंड लिहायचा, अशी सवय बहुतेक कारखान्यांत पडून गेलेली असते. पण तेल येतं कुठून? लूमचं ऑइलिंग नीट झालं नसेल तर ते जॉबरचं आणि मेंटेनन्सचं काम. बाणा सुटला तर बघ, विणकर जागेवर नव्हता की मशिनचा फीलर (बाणा आहे की नाही ते तपासणारा भाग) काम करत नव्हता. तारा सारख्या तुटत असतील तर सुताची किंवा कांजीची तपासणी कर. प्रत्येक दोषाला खरा धनी शोधायला दहा मिनिटं जास्त लागतात. ती दहा मिनिटं म्हणजे तुझी उपासना आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलं आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. याकोब तर लिहितो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. पगारपत्रक तुझ्या हातात नसेल, पण विणकराची ओव्हरटाइमची नोंद तुझ्या हातात आहे. जादा तासांना दुप्पट दर आहे. तीन तास थांबवून दोन लिहू नकोस. एखाद्याला पीएफचं पासबुक मोबाइलवर बघता येत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत त्याला दाखव, कापलेले १२ टक्के आणि मालकाचा वाटा जमा होतोय का ते. पद्मशाली वस्तीतल्या एखाद्या आजोबांना तेलुगूत चार शब्द बोलून समजावलंस तर आणखी बरं.

आणि तुझ्या विभागात चूक झाली, माल परत आला, तर मीटिंगमध्ये रात्रपाळीकडे बोट दाखवू नकोस. एदेन बागेत आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, तिने सापाकडे, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रॉडक्शन मीटिंगमध्ये हेच चाललं आहे. ‘माझ्या टेबलावरून गेलं, मी बघतो’ असं एकदा शांतपणे म्हणून बघ. खोलीतली हवा बदलते, हे मी पाहिलं आहे. पौलाने फिलेमोनाला लिहिलेली चिठ्ठी तुला माहीत आहे. अनेसिम या दासाने मालकाचं काही बुडवलं असलं तर ते माझ्या खाती मांड, असं तो लिहितो. दुसऱ्याचं देणं आपल्या खाती घ्यायला सांगणारा माणूस तुरुंगात होता, हे विसरू नकोस.

खंडेनवमीबद्दल. यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, आणि मी माझं मत सांगतो. आदल्या दिवशी मशिन पुसायला, झाडलोट करायला सगळ्यांच्या पुढे उभा राहा. ज्या यंत्रावर आपण जेवतो ते स्वच्छ ठेवण्यात कसली अडचण? पूजेच्या वेळी आदराने बाजूला उभा राहा. आरतीचं ताट हातात घ्यायला सांगितलं तर हसून नको म्हण, आणि हे आधीच मालकांच्या कानावर घाल, म्हणजे ऐनवेळी कोणाचा अपमान व्हायला नको. मी हेच करत आलो आणि माझ्या कोणत्याही मालकांनी त्यावरून मला कमी लेखलं नाही. अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला विचारतो की धनी माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल का? अलीशा त्याला झापत नाही. शांतीने जा, म्हणतो. प्रसादाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय वाच, पत्नीशी बोल, आणि सदसद्विवेक सांगेल तसं कर. घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाला नावं ठेवू नकोस, न घेणाऱ्यालाही ठेवू नकोस.

त्याहून मोठी गोष्ट सुट्ट्यांची. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, त्या दिवसांत अर्ध्या कारखान्याचं मन सिद्धेश्वराकडे असतं. त्यांची पाळी तू घे. रमजानमध्ये मुसलमान फिटरला इफ्तारीला वेळेवर सोड आणि त्याच्या मशिनजवळ तू उभा राहा. १४ एप्रिलला मिरवणुकीला जाणाऱ्यांना आधीच मोकळं कर. नाताळात कोण तुझ्या जागी येतं ते बघ. रविवारी साप्ताहिक सुट्टी नसेल तर सकाळच्या उपासनेसाठी पाळी बदलून माग, पण ती दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून नको, बदल्यात काहीतरी देऊन.

येशूबद्दल बोलण्याचं. हाताखालच्या माणसाला कामाच्या वेळात सुवार्ता सांगू नकोस. त्याची हजेरी, रजा, दंड तुझ्या हातात आहेत. तो मान हलवेल ती तुझ्या खुर्चीकडे बघून. तसं मिळालेलं ‘हो’ प्रभूला नको असेल असं मी मानतो. कोणी आपणहून विचारलं की तू पाकीट का परत केलंस, तर सांग. पेत्र पहिल्या पत्रात आशेचा जाब सौम्यतेने आणि आदराने द्यायला सांगतो. कोणाच्या घरी आजारपण असेल तर आधी विचार, ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ आणि प्रार्थनेबरोबर सिव्हिलमध्ये रात्री सोबत बसायचीही तयारी ठेव. नोकरी, बढती, पैसा यांतल्या कशाचंही आमिष दाखवायचं नाही.

गाडीने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली-बायकांना आसरा दिला, तो नुसत्या प्रार्थनेवर चालवला नाही. विणकाम, शेती, छपाई अशी हाताला कामं दिली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमाच्या छापखान्यात त्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. कंपोझिंगच्या टेबलावर एकेक खिळा (छपाईचं अक्षर) जुळवणारी ती बाई तुझ्याच रांगेत आहे. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू शिवत होता, तोही.

मंडळीलाही दोन शब्द, कारण हे उत्तर तिथेही वाचलं जाईल. एखाद्या तरुणाला ‘राजीनामा दे’ म्हणणं सोपं आहे. तो देऊन घरी बसला तर तीन महिने त्याचा हप्ता कोण भरणार, हे कमिटीने आधी ठरवावं आणि मगच सल्ला द्यावा. आपल्यात शाळा, दवाखाने, लहान कारखाने चालवणारेही आहेत. धन्यांनी दासांशी न्यायाने आणि समतेने वागावं हे कलस्सैकरांस पत्रातलं वाक्य त्यांच्यासाठी आहे. घरच्या मोलकरणीचा पगार महिनाअखेर न मागता हातात पडतो का, इथून त्यांनी सुरुवात करावी.

आता तुझ्या कर्जाचं. रागात राजीनामा टाकू नकोस. या आठवड्यात पत्नीला सगळं सांग. तिला अर्धंच माहीत असेल तर पुढची प्रत्येक गोष्ट अवघड होईल. दर महिन्याला जमेल तेवढं बाजूला टाकून तीन महिन्यांचा खर्च उभा कर. तुझा यूएएन (पीएफचा क्रमांक) चालू आहे का आणि पीएफ जमा होतोय का ते बघ. स्वतः सही केलेल्या प्रत्येक रिपोर्टची नोंद तारखेसह तुझ्या वहीत ठेव. कारखान्याची गुपितं, डिझाइनं, बायरच्या याद्या घरी नेऊ नकोस. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी दोन्हीकडे प्रामाणिक चेकिंगवाला मिळत नाही म्हणून कुरकुरणारे मालक मला ठाऊक आहेत, तेव्हा शांतपणे चौकशी सुरू ठेवायला हरकत नाही. एकदा नकार दिल्यावर पुढच्या लॉटला पुन्हा तेच सांगितलं, आणि त्याच्याही पुढच्या लॉटला, तर मात्र नोटीस दे, तिची मुदत पूर्ण भर, चार्ज नीट सोपव आणि अनुभवाचं पत्र घेऊन निघ.

तोलायला लॅबमधलाच काटा वापर. त्याचं कॅलिब्रेशन कधी झालंय ते स्टिकरवर बघ, आणि तारीख उलटली असेल तर आधी ते करून घे, नाहीतर मालक पहिला प्रश्न तोच विचारतील. दहा टॉवेलांची वजनं हातात आली की घरी ये. मालकांसमोर काय आणि किती बोलायचं, ते आपण दोघं बसून ठरवू.